व्हती म्हणायचं नाही

जीजींच्या खोलीत एका शब्दाला बंदी होती, आणि तो शब्द मी पहिल्याच ओळीत लिहून बसले. ‘होती’. अहिराणीत ‘व्हती’. त्याचे भाऊ ‘व्हता’ आणि ‘व्हतं’, त्यांनाही आत यायला मनाई. रेकॉर्डिंग चालू असताना कुणाच्या तोंडून तो निसटला, की जीजी हेडफोन काढून मांडीवर ठेवायच्या आणि मला म्हणायच्या, “दार उघड.” चहाला आधण येईल इतका वेळ दार उघडं ठेवायचं, नंतर लावायचं, आणि तो प्रसंग पहिल्यापासून.

“शे म्हन,” एवढंच सांगायच्या. शे म्हणजे आहे.

जीजी अजून आहेत, जळगावातच आहेत. तरी माझ्या या लिहिण्यात त्या ‘होत्या’च येणार. नववीतून शाळा सोडलेली मी, मला दुसरं लिहिता येत नाही. हे वाचून कुणी त्यांना दाखवलं तर काय, याचीही धास्ती आहेच. पण मला धास्ती कशाची नसते? शिरपूरला मी आता लग्नाच्या व्हिडिओंचं मिक्सिंग करते, आणि दुकान बंद करताना कुलूप तीनदा ओढून बघते.

जीजींची ती खोली म्हणजे केळी पिकवायची खोली. जळगावातून धरणगावकडे जाणाऱ्या रस्त्यावर एक बंद पडलेलं केळीचं गोडाऊन होतं, त्यातली. हातभर जाडीच्या भिंती, आतून पत्रा, बर्फाच्या कारखान्याला असतं तसं जाड दार. केळी कधीच गेली होती, वास मात्र राहिला होता. थोडा गोड, थोडा आंबूस. जीजींनी पत्र्यावर गोधड्या ठोकल्या, मधोमध एक माइक, एक टीव्ही, तीन खुर्च्या मांडल्या आणि स्टुडिओ केला. दार लावलं की रस्त्यावरचा ट्रक ऐकू यायचा नाही, मोबाइलला रेंज नाही. स्वतःच्या कानातलं रक्त तेवढं ऐकू यायचं. पहिल्या दिवशी मला वाटलं, कुणीतरी भिंतीपलीकडे हळूहळू दळण दळतंय.

तिथे आम्ही सिनेमांना अहिराणी आवाज द्यायचो. भुसावळचे एक भाऊ परदेशी सिनेमांचे हक्क घेऊन ते अहिराणीत करून मोबाइलवर चालवायचे. मारामारीचे, सापांचे, भुतांचे. पडद्यावरच्या माणसाचे ओठ हलतात तेवढ्यात आपलं वाक्य बसवायचं. मशीन मी बघायची, ओठ जीजी बघायच्या.

ओठ त्या कसे बघायच्या! साठीच्या पुढचं वय, काडीसारखं उंच शरीर, खोलीतल्या गारठ्यासाठी लुगड्यावर पुरुषी फुल शर्ट आणि भर मे महिन्यात गळ्याला मफलर. पण नजर घारीची. एकदा बँकेत काचेपलीकडे साहेब शिपायाशी बोलत होता, तर जीजी रांगेतूनच ओरडल्या, “म्हातारी वेडी नाही हो साहेब, घाईत आहे!” साहेबाचा चेहरा पडला. सरकारी माणसांशी त्या अशा छापील मराठीत बोलायच्या, रागावल्या की मारवाडीत, आणि जीव लागला की अहिराणीत.

सिनेमा हातात आला की तो आधी एकदा मूळ आवाजासकट बघायचा, दिवा बंद करून. मग मूळ आवाज काढून टाकायचा. तो काढला की जीजी म्हणायच्या, “आते तो आवाज खोलीमां उभा शे. त्याले जाऊ दे.” म्हणजे पुन्हा दार उघडं. तिसरी खुर्ची कायम रिकामी. तिच्यावर नवीन माणूस बसायला गेला तर जीजी नुसता हात आडवा धरायच्या. खुर्चीवरून एक घडी घातलेली गोधडी जमिनीपर्यंत लोंबत असायची.

मी तिथे कशी पोचले ते सांगते. माझं गाव आजऱ्याकडचं, कोल्हापूरच्याही पलीकडे. चुलतबहिणीचे यजमान दीपनगरला वीज केंद्रात कंत्राटावर होते, बाळंतपणाला म्हणून मी आले. वर्षभरात त्यांचं काम सुटलं, ते कोरबाकडे गेले. मी घरी सांगून बसले होते की मी कंप्युटरचा कोर्स करतेय. तो न करता परत कसं जायचं? जळगावात एका खानावळीत वाढपाला राहिले. जीजी तिथे डबा न्यायला यायच्या. मी आत हाळी दिली, “दोन नंबरला भात! मी आलो घेऊन!” तर खिडकीतून आवाज आला, “परत म्हन.”

“काय म्हणू?”

“तेच. मी आलो.” आणि हसल्या. “तू आंडोर शे का आंडेर?”

पोरगा आहेस का पोरगी, असं विचारत होत्या. आमच्याकडे बायकाही ‘मी येतो, मी जातो’ असंच म्हणतात. लिहिताना मी ‘गेले’ लिहिते, ती शाळेची सवय. बोलताना मी ‘गेलो’च. जीजींना त्याची इतकी गंमत वाटली की आठवड्यात त्यांनी मला खानावळीतून काढून स्वतःच्या घरी आणलं. मशीन शिकवलं. माझ्या हाताला एक विद्या आली ती त्यांच्यामुळे, आजही तिच्यावर खाते. हे आधी सांगून ठेवते, कारण पुढचं वाचून कुणी त्यांना वाईट म्हणू नये.

आणि मला डेंग्यू झाला तेव्हा नऊ दिवस त्या उशाशी बसल्या. माझं डोकं मांडीवर घेऊन सारखं बोलत राहिल्या, अहिराणीत. ताप चढला की तेवढंच ऐकू यायचं. त्यांची धाकटी बहीण होती, तिला त्या ‘धाकली’ म्हणायच्या. धरणगावला बापाचं जिनिंग. कापसाच्या गंजीवरून दोघी उड्या मारायच्या. दाराशी मोटार. मग जिनिंग गेलं, घर गेलं, मोटार गेली, आणि दोघी बहिणी जळगावात येऊन रिक्षावरच्या जाहिरातींना आवाज द्यायला लागल्या. त्या जाहिराती जीजी माझ्या कानाशी म्हणून दाखवायच्या. आधी स्वतःचा आवाज: “का वं बहीन, कोठे चालनी?” मग धाकलीचा: “लुगडं लेवाले!”, म्हणजे लुगडं घ्यायला. मग पुन्हा स्वतःचा: “थांब, मी बी येस!”

नवव्या दिवशी ताप उतरला. मी डोळे उघडले आणि पाणी मागितलं.

“पानी दे वं, जीजी.”

जीजी उठल्याच नाहीत. माझ्या तोंडाकडे बघत राहिल्या, जसं त्या पडद्याकडे बघायच्या. मलाही कळलं की हे मी अहिराणीत बोलले. त्याआधी मला चार शब्द धड येत नव्हते.

“परत म्हन,” जीजी म्हणाल्या. त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

मग तो सिनेमा आला. दोन बहिणी. बाप मोठमोठ्या हॉटेलांचा मालक. पोरींना पाण्याचा ग्लास स्वतः भरायची सवय नाही. एके दिवशी सगळं जातं, आणि मग दोघी पहिल्यांदा बसमध्ये चढतात, धुण्याच्या मशीनमध्ये शाम्पू ओततात, दुसऱ्यांच्या गाड्या धुवायच्या कामाला लागतात, शाळेतल्या पोरी फिदीफिदी हसतात. कोवळ्या पोरापोरींसाठी काढलेला विनोदी सिनेमा. दिवा बंद करून आम्ही तो बघितला. मी दोनदा जोरात हसले. जीजी हसल्या नाहीत, रडल्याही नाहीत.

दिवा लागल्यावर म्हणाल्या, “या पोरी चुकीच्या ठिकाणी रडल्या. मोटार जाते तेव्हा रडू येत नाही. रस्त्यात लोक आपल्याला नावाने हाक मारतात, तेव्हा येतं.”

“नावाने मारली तर काय झालं?”

“त्याच्या आधी ‘शेठनी आंडेर’ म्हणायचे.”

मोठ्या बहिणीचा आवाज जीजी स्वतः देणार होत्या. धाकटीसाठी कॉलेजची एक मुलगी बोलावली. चुणचुणीत, नाटकात काम करणारी. दुसऱ्या दिवशी दुपारी तिने हेडफोन काढला आणि मला विचारलं, “ताई, माझ्या आधी कोण बोलतंय?”

“कुणी नाही. का गं?”

“मी तोंड उघडायच्या आधी कुणीतरी श्वास घेतं. कानात. अगदी माझ्या अर्धा क्षण आधी.”

मी मशीन तपासलं. मूळ आवाज बंदच होता. तिचा एकच ट्रॅक चालू होता. मी हेडफोन स्वतःच्या कानाला लावला. आधी काही नाही. मग खरंच, खूप लांबून, कुणी बाई बोलायला तोंड उघडते तसा श्वास.

“घाबरू नको,” जीजी तिला म्हणाल्या. “तुले शिकाडी ऱ्हायनी ती.”

ती शिकवते आहे तुला! ती पोरगी ओढणीही न घेता पळाली. ओढणी दोन महिने खिळ्यावर होती. जीजींनी माझ्याकडे वळून पाहिलं. मीही पळाले असते. पण जिने नऊ दिवस माझं डोकं मांडीवर घेतलं, तिला नाही कसं म्हणायचं? आणि पळून जायचं कुठे? मी मशीन चालू करून माइकसमोर बसले.

मला कष्ट पडलेच नाहीत, याचीच भीती वाटली. धाकटीचे ओठ हलले की माझ्या तोंडून वाक्य आपोआप निघायचं. जीजींनी लिहिलेली वाक्यं विचित्र होती. सिनेमातली धाकटी आपला जुना बंगला दाखवून मित्राला सांगते की हा आमचा होता. जीजींनी लिहिलं: “हाऊ आमना बंगला शे. तठे आते दुसरा लोके ऱ्हातस.” आमचा बंगला आहे, तिथे आता दुसरी माणसं राहतात. त्या दोन्ही पोरी सगळं घालवून बसल्यात, पण एकदाही काही ‘होतं’ म्हणत नाहीत. सगळं आहेच. मोटार आहे, दाराशी नाही इतकंच. भुसावळच्या भाऊंनी अर्धा सिनेमा ऐकून फोन केला.

“जीजी, हसायचा सिनेमा दिला मी तुम्हाला. तुम्ही भुतांचा करून ठेवला!”

“भुतांचे तुमचे तीन केले. त्यात लोक हसलेच ना?” जीजी म्हणाल्या आणि फोन ठेवला.

आता माझी एक फजिती. अहिराणी मी एकट्या जीजींकडून शिकले होते, त्यामुळे माझ्या अहिराणीत ‘व्हती’ हा शब्दच नव्हता. असा काही शब्द असतो याचा मला पत्ता असूनही, तोंडात तो यायचाच नाही. भाजी बाजारात एक म्हातारी अक्का बसायच्या, वांगी घेऊन. त्यांनी विचारलं, “काल काबर उनी नही वं?” काल का आली नाहीस, असं.

“काल मी बिमार शे,” मी म्हणाले.

“काल बिमार शे?” अक्का हसायला लागल्या. “शे का व्हती?”

शेजारच्या बायकाही हसल्या. मीही हसले. माझं हसू ऐकून अक्का एकदम थांबल्या. तराजू खाली ठेवला.

“हाऊ आवाज मी वळखस,” त्या म्हणाल्या. “रिक्षामां बोले ती. लुगडं लेवाले.” आणि हात जोडल्यासारखे करून, “पन ती तं गयी ना, माय.”

वांगी न घेताच मी निघाले. ती तर गेली. म्हणजे जीजींच्या मांडीवर पडून मी ज्या बाईचा आवाज शिकले, ती मेलेली होती, आणि जीजी ते मान्य करत नव्हत्या. त्या दिवशी खोलीत जाताना रिकाम्या खुर्चीकडे मी पाठ केली नाही. पाठ करायला जमेचना.

तरी मी गेले असते तशीच पुढे. माणसाला सवय होते. पण एका रविवारी दुपारी मी आईला फोन लावला. कामाच्या धांदलीत महिनाभर लावला नव्हता. आईकडे बटणांचा साधा फोन, तिला वाचता येत नाही, पण माझ्या नंबराला वेगळी रिंग लावून दिलेली आहे.

“बोल गं बाळ,” आई म्हणाली.

“आई, कशी आहेस? मी येते पुढच्या महिन्यात.”

मग आईचा बदललेला आवाज. “कोण बोलतंय?”

“अगं मी!”

“मी कोण? ह्यो फोन माझ्या पोरीचा हाय. तुमच्याकडं कसा आला? पोरगी कुठाय माझी?”

“आई, मीच बोलते आहे…”

“माझी पोरगी येतो म्हणती,” आई ओरडली. तिला रडू फुटलं. “ओ बाई, तिला फोन द्या वो! काय झालंय तिला?”

मी ‘येतो’ म्हणायला तोंड उघडलं. खरं सांगते, तो शब्द सापडला नाही. जिभेवर सगळीकडे शोधला. जे निघालं ते धाकलीचं होतं, सुरासकट. मी फोन कापला. भावाला मेसेज केला, रेंज खराब आहे, मी ठीक आहे. त्यानंतर आईचा फोन वाजला की मी तो वाजू द्यायची. रोज एकदा वाजायचा. उचलून तिला पुन्हा कुणा परक्या बाईशी बोलायला लावू? एकटी असताना मी गावचं काही म्हणून बघायची. आमच्या गल्लीतल्या माणसांची नावं घ्यायची. नावं माझी असायची, आवाज नसायचा. परत जाऊन उंबऱ्यात उभी राहिले आणि मला तिथे कुणी आत घेतलंच नाही तर?

जीजींना सांगितलं, मला आता आवाज द्यायचा नाही, मशीनवर ठेवा.

“शेवटचा प्रसंग राहिला आहे,” त्या म्हणाल्या. मराठीत म्हणाल्या म्हणजे विषय गंभीर. “त्याच्याआधी धुळ्याला जाऊन ये. गल्ली नंबर सहा, वरचा मजला. झालेल्या सिनेमाचा हा पेन ड्राइव्ह द्यायचा. दार वाजवायचं, आणि कोण म्हणून बघितलं तर एवढंच म्हणायचं: मी शे.”

“कुणाला द्यायचा?”

“दार उघडेल तिला.”

सकाळच्या गाडीने गेले. गल्लीत लख्ख ऊन, खाली सायकलचं दुकान, पोरं हवा भरत होती. घाबरण्यासारखं काही नव्हतं. जिना चढले, कडी वाजवली. आत पावलं आली आणि दाराशी थांबली. कुणी ‘कोण’ म्हणालं नाही. म्हणून मीच म्हणाले, “मी शे.”

आत भांडं पडलं.

मग दार उघडलं. जीजींचंच तोंड, दहा वर्षं तरुण. गळ्याभोवती पातळ सुती रुमाल, आणि श्वास घेतला की तो रुमाल आत ओढला जायचा. नाकातून नाही, गळ्यातून श्वास चालला होता. तिने माझ्याकडे पाहिलं, माझ्या मागे पाहिलं, पुन्हा माझ्याकडे. मला आत ओढलं आणि खुंटीवरची पाटी काढून लिहिलं: तू कोण?

पेन ड्राइव्ह पुढे करून मी सांगायला लागले, आणि माझं प्रत्येक वाक्य ऐकताना ती दुसऱ्या हाताने स्वतःचा दंड चोळत होती. दंडावर काटा आला होता. मेलेली नव्हतीच. बाजारातल्या अक्का म्हणाल्या होत्या ‘गयी’, ते तिची वाचा गेली म्हणून. गळ्यात गाठ झाली, डॉक्टरांनी स्वरयंत्र काढलं, त्याला अकरा वर्षं झाली होती. हे सगळं धाकलीने पाटीवर लिहिलं, पुसलं, लिहिलं. दवाखान्यातून घरी आणल्यापासून जीजी दिवसभर तिच्या जुन्या टेपा लावायच्या. ‘मी समोर बसलेली असायची,’ धाकलीने लिहिलं, ‘आणि ती टेपशी बोलायची. मला म्हणायची, तू मध्ये हलू नको.’ पाटी पुसून पुन्हा: ‘म्हणून मी निघाले.’

मला रिकाम्या खुर्चीवरची ती लोंबती गोधडी आठवली. तिच्याखाली काय असेल, आणि ते हेडफोनच्या वायरीला कसं जोडलं असेल, ते मशीनवाली असून मी कधी बघितलं नव्हतं. बघायचं धाडसच झालं नव्हतं.

धाकलीचं तोंड रागाने लाल झालं. तिने मोबाइल डब्याला टेकवून उभा केला आणि जीजींना व्हिडिओ कॉल लावला. पडद्यावर जीजी दिसल्या, मफलरमध्ये. धाकलीचे ओठ हलले. आवाज नाही, नुसते ओठ. मी शेजारीच होते, मला ते दिसले, आणि माझ्या तोंडून निघून गेलं:

“जीजी, तुनं डोकं फिरनं का?”

तिघी दचकलो. धाकलीने माझ्याकडे बघितलं. पुन्हा ओठ हलवले, या वेळी हळू. आणि मी बोलले. थांबवता आलं नाही. डोळ्यासमोर ओठ हलले की वाक्य सोडायचं, हीच तर मला दोन वर्षं शिकवण होती.

“दुसरानी आंडेरनं तोंड उसनं लेस का?” दुसऱ्याच्या मुलीचं तोंड उसनं घेतेस? “लाज शे का तुले?”

जीजींनी डोळे मिटून घेतले. चेहऱ्यावर इतकं सुख मी कुणाच्या पाहिलं नाही. “बोल, धाकली,” त्या म्हणाल्या. “बठ्ठं बोल.” बठ्ठं म्हणजे सगळं.

आणि धाकली बोलली. आधी शिव्या, मग तक्रारी. दवाखान्यातल्या रात्री. कुणी वाटून न घेतलेले आईचे पाटल्यांचे जोड. एकदा कापसाच्या गंजीत कोण अडकलं होतं आणि कुणी कुणाला ओढून काढलं, त्यावरून वाद. मग हसणं. तिचे खांदे हलायचे आणि हसू माझ्या तोंडून यायचं. पाटी बाजूला पडली होती. अकरा वर्षांचं साचलेलं होतं ते. पहिल्यांदा मला सोडवायला निघालेली ती बाई आता माझा दंड घट्ट धरून होती, मी उठू नये म्हणून. ऊन खिडकीच्या या गजावरून त्या गजावर गेलं. माझा घसा सोलून निघाला. पाणी मागायला मला जागाच मिळेना. माझं तोंड रिकामंच होत नव्हतं. तेव्हा मला समजलं, की इथून पुढे या दोघींना माझी रोज गरज लागणार आहे, आणि दोघींपैकी एकीलाही नाही म्हणायचं बळ माझ्यात नाही. माझ्या जागी कुणी ‘मी’ म्हणणारं उरणार नाही.

माझा फोन वाजला. पिशवीतून काढून मी तो सवयीने चटईवर उपडा ठेवणार होते, रोजच्यासारखा वाजून बंद व्हायला. धाकलीने तो उलटा केला. पडद्यावर नाव होतं: आई.

तिचे ओठ अर्ध्या वाक्यात थांबले. माझंही वाक्य तिथेच तुटलं. डब्याला टेकलेल्या मोबाइलमधून जीजी म्हणत होत्या, “पुढे? पुढे काय व्हयनं?”

धाकलीने माझ्या तोंडाकडे बघितलं. फोन वाजत होता. मी तिच्या ओठांकडे बघत बसले होते, ती सांगेल ते बोलायला. मग तिने माझा दंड सोडला, डोक्यावरचा पदर पुढे ओढला, दोन्ही हातांनी तोंडावर घट्ट दाबला, आणि नुसते डोळे बाहेर ठेवून मान हलवली. घे.

बोलायला ओठच नव्हते समोर. फोन उचलला. खूप वेळ नुसता श्वास चालला होता माझा. मग घसा खरडत, फाटक्या कापडासारखं काहीतरी बाहेर पडलं. “आई. लई दमलो गं मी.”

“आलीस व्हय,” आई म्हणाली. मग ती नुसती नाक ओढत राहिली.

जिना उतरून गल्लीत आले तरी वर खिडकीत ती तशीच उभी होती, तोंडावर पदर दाबून.

तो सिनेमा पुढे भाऊंनी चालवला. शेवटच्या प्रसंगात दोघी बहिणी गाडीच्या टपावर बसून बोलतात, ओठ हलतात आणि आवाज नाही. तसाच सोडला. लोकांना वाटलं आपले मोबाइल बिघडले.

धुळ्याहून त्याच दिवशी, सूर्य मावळायच्या आत, मी जळगावला पोचले, सामान घ्यायला. केळीच्या खोलीचं दार सताड उघडं होतं. तिसरी खुर्ची दिसली नाही. जीजी बाहेर ओट्यावर बसल्या होत्या, मफलर न घालता. मी समोर उभी राहिले. रडू येत होतं, पाय धरावेसे वाटत होते.

“बसा,” त्या म्हणाल्या. बँकेतल्या साहेबांशी बोलायच्या त्या मराठीत. “कुठल्या तुम्ही?”

मी त्यांच्या डोळ्यांत बघितलं, तर ओळख कुठेच नव्हती. चेष्टाही नव्हती.

“आजऱ्याकडची.”

“लांबून आलात. बोला काहीतरी, ऐकू द्या.”

“काय बोलू? सकाळपास्नं काय खाल्लेलं न्हाई मी. लई भुकावलोय.”

जीजींनी मान एका बाजूला कलती करून ऐकलं, नवीन माणसाची परीक्षा घेताना ऐकायच्या तसं. मग पुरा विचार करून म्हणाल्या, “आवाज चांगला आहे तुमचा. पण आमच्या कामाचा नाही.”

त्यांनी आतून ताट आणलं. कळण्याची भाकरी, ठेचा, वर कच्च्या तेलाची धार. ती मी त्यांच्यासमोर बसून परक्या पाहुणीसारखी खाल्ली. मधूनमधून त्या विचारत होत्या, “अजून वाढू का बाई?” आणि मी दर वेळी हो म्हणत होते.